सूर्यावरची ज्वाला आणि कुलाब्याची नोंदवही

सावर्ड्याला घराच्या अंगणात होकायंत्र ठेवले, तर सुई उत्तर दाखवून स्थिर राहिलेली दिसेल. पण पृथ्वीचे चुंबकीय बल सतत किंचित बदलत असते. तो बदल साध्या होकायंत्रात कळत नाही. त्याला वेधशाळाच हवी. अशी वेधशाळा आपल्याच किनाऱ्यावर, मुंबईत कुलाब्याला होती. तेथे १८४१ पासून हे बल नियमित मोजले जाई.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांची चित्रे काढीत होता. एकाएकी डागांच्या एका समूहावर दोन झगझगीत ठिपके उमटले आणि पाचेक मिनिटांत मावळले. ती सौरज्वाला होती. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. कुलाब्याला क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले, म्हणजे शेकडा चार. चार टक्के ते काय, असे म्हणू नका. एरवीच्या मोठ्या वादळातही ही घट काहीशे नॅनोटेस्लाच असते!

सूर्यप्रकाश तर आठ मिनिटांत येतो, मग वादळाला इतका उशीर का? ज्वालेतील क्ष-किरण प्रकाशाबरोबरच येतात. ते दिवसाच्या बाजूचे आयनांबर विस्कळीत करतात आणि लघुलहरींवरचा रेडिओ मुका होतो. परंतु मोठ्या ज्वालेबरोबर पुष्कळदा विद्युतभारित वायूचा प्रचंड ढगही फेकला जातो. त्याला येथवर पोचायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. १८५९ चा ढग फारच वेगवान होता. ढगातील चुंबकीय क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असेल, तर त्याची ऊर्जा आत शिरते. मग विषुववृत्ताच्या वर, अवकाशात, पृथ्वीभोवती विद्युतप्रवाहाचे कडे बळावते. त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला विरोध करते. कुलाब्याचे आकडे घसरले ते यामुळे.

बदलते चुंबकीय क्षेत्र लांब तारांत प्रवाह निर्माण करते. १८५९ साली तारा होत्या त्या तारायंत्राच्या. काही ठिकाणी तारबाबूंना झटके बसले. १३ मार्च १९८९ रोजी मात्र कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. आता तर कृत्रिम उपग्रहांनाही धोका असतो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय मापनाचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. तेथे ते आजही चालू आहे. १८५९ च्या वादळात युरोपातील काही उपकरणांची रेघ कागदाबाहेर गेली होती. कुलाब्याला मात्र माणसे डोळ्यांनी पाहून आकडे लिहीत होती. २००३ साली भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी त्या वादळाचे बळ ठरवले, ते याच आकड्यांवरून.