गाडीचा नंबर आणि वाघाचे अंतर

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब ताडोबाला जाऊन आलो आणि येताना एका जिप्सीवाल्याची पाच दिवसांची रोजी बुडवून आलो. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. उलट अशा बाबतीत आमच्या घरातली माणसे जरा जास्तच सावध आहेत, असे मी तोवर समजत होतो.

या सावधपणाचे मूळ आमचे चिरंजीव. ताडोबा आटोपून आम्ही मूलवरून गडचिरोलीला निघालो. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल लागतो. ही नदी म्हणजेच दोन जिल्ह्यांची शीव. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख एकच चंद्रपूर जिल्हा होता. त्या दिवशी गडचिरोली वेगळा निघाला. आता नदीच्या अलीकडच्या गाड्यांवर एमएच-३४ आणि पलीकडच्यांवर एमएच-३३. पाणी भरपूर होते, ऊन कोवळे होते. आमच्या सौभाग्यवतींनी गाडी पुलाच्या अलीकडे बाजूला घ्यायला लावली आणि गाडीसकट सर्वांचा फोटो निघाला. संध्याकाळी पाहतो तो चिरंजीवांनी त्या फोटोतल्या आमच्या नंबरावर झेंडूचे भलेमोठे फूल चिकटवलेले!

"अरे, पाटी काय लाज वाटण्यासारखी आहे?" आमचे साडू म्हणाले. ते निवृत्त बँक अधिकारी. कोणतीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करायची नाही हा त्यांचा बाणा. "नंबर रस्त्यावर हजार लोक वाचतात. कायद्यानेच तो वाचता आला पाहिजे. मग फोटोत झाकून काय मिळवलेस?"

मुद्दा बिनतोड होता. रस्त्यावर पाटी झाकणे हा तर गुन्हाच. पण चिरंजीवांचे उत्तरही ऐकण्यासारखे होते. रस्त्यावरचा नंबर समोरून येतो आणि निघून जातो. फोटोतला नंबर राहतो, आणि एकटा राहत नाही. त्याच्याबरोबर गाडीचा रंग, बनावट, बसलेली माणसे, ठिकाण आणि दिवस हे सारे राहते. आपण पुण्याचे घर कुलूप लावून आठवडाभर आठशे किलोमीटरवर आहोत, हेही त्यातच आले.

वाहननोंदणीची माहिती ही काही फुकटची चीज नाही, हेही त्याने सांगितले. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये ही माहिती ठोक भावाने विकण्याचे धोरणच काढले होते आणि या माहितीतून ६५ कोटी रुपये मिळाल्याचे त्याच वर्षी संसदेत सांगण्यात आले. लोकांच्या खासगीपणाची शंका निघाली आणि २०२० मध्ये ते धोरण गुंडाळले गेले. आज सरकारी अ‍ॅपवर नंबर घातला तर मालकाच्या नावाची अर्धीमुर्धी अक्षरे फुल्यांनी झाकलेली दिसतात. गुगलने २०२२ मध्ये पुणे, नाशिक, अहमदनगर अशा दहा शहरांतल्या रस्त्यांची चित्रे नकाशावर चढवली, तीही चेहरे आणि पाट्या पुसट करूनच. साडूंनी हूं केले; पटल्याचे कबूल केले नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या ताज हॉटेलपाशी एकाच नंबराच्या दोन गाड्या उभ्या सापडल्या आणि एकाने आपल्या पाटीवरचा आकडा बदलल्याचे निघाले. ती बातमी साडूंनीच मला फोन करून वाचून दाखवली. दुसऱ्याचा नंबर आपल्या गाडीला लावला की दंडाच्या पावत्या त्या दुसऱ्याच्या घरी जातात, हे त्यांच्यातल्या बँकवाल्याला चटकन कळले.

तर अशी आमची खबरदारी. परत आल्यावर मी बेचाळीस फोटो फेसबुकवर चढवले. आमच्या गाडीचे तीन, तिन्हींवर झेंडू. आणि सदतिसावा फोटो वाघाचा.

या फोटोबद्दल थोडे सांगायला हवे. आम्ही दोन जिप्सी केल्या होत्या. साडूंचे कुटुंब पुढच्या जिप्सीत, आम्ही मागच्या. आत मोबाइल न्यायला बंदी, म्हणून मी ४०० मिलिमीटरचे लांबलचक भिंग भाड्याने नेले होते. त्याचे भाडे सौभाग्यवतींना अजून ठाऊक नाही. सकाळी साडेसातचा सुमार. पुढची जिप्सी थांबलेली होती. तिच्या आणि आमच्या मधून, डावीकडच्या बांबूतून, वाघ निघाला; घाई नाही, गडबड नाही, वाड्याच्या चौकातून मालक फिरावा तसा रस्ता ओलांडून गेला. माझ्या अंदाजाने तो आमच्यापासून ऐंशी पावलांवर होता आणि पुढची जिप्सी एकशेवीसवर. म्हणजे वाघ आणि जिप्सी यांत चाळीस पावले.

फोटोत ती चाळीस पावले नाहीत! दुरून, लांब भिंगाने काढलेल्या चित्रात मागच्या-पुढच्या वस्तू एकमेकींना चिकटतात. रस्त्याची लांबी आवळून एवढीशी होते आणि दूरची वस्तू जेवढी लहान दिसायला हवी तेवढी दिसत नाही. क्रिकेटच्या प्रक्षेपणात गोलंदाजाच्या पाठीमागून दाखवतात तेव्हा बावीस यार्डांची खेळपट्टी ओसरीएवढी दिसते, तोच प्रकार. माझ्या फोटोत वाघ जिप्सीचे मागचे चाक हुंगतो आहे असे वाटत होते. आणि वाघाच्या पाठीच्या जरा वर, स्वच्छ, ठळक, एमएच-३४ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत जिप्सीची पाटी. अंतर खोटे आणि नंबर खरा!

आम्ही घरातल्या सहाही जणांनी तो फोटो पाहिला. वा वा केले. पाटी एकाच्याही डोळ्यांत भरली नाही. ती आमची नव्हती ना!

आठव्या दिवशी फोन आला. साडूंच्या जिप्सीचा चालक. निघताना "फोटू धाडा जी" म्हणून त्याने आपला नंबर दिला होता. आवाज अगदी खाली गेलेला.

"साहेब, तो फोटू काढून टाका ना जी. मले कचेरीत बलावलं हाये. म्हनतात, वाघाच्या आंगावर गाडी घातली. गाडी बंद हाये पाच दिवसांपासून."

कोणीतरी माझा फोटो उचलून खाली "हे पाहा वाघाला छळणारे" असे लिहिले होते आणि तो शेकडो ठिकाणी फिरला होता. वनखात्याने हयगय करावी असे दिवसही नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात ताडोबात जिप्सींनी एका वाघिणीला गराडा घातल्याचे प्रकरण गाजले होते आणि चालक-मार्गदर्शकांवर कारवाई झाली होती. जंगली जनावरापासून निदान वीस मीटर दूर राहावे, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची २०१२ ची मार्गदर्शक सूत्रे सांगतात. फोटोत वीस मीटर तर सोडाच, वीस फूटही दिसत नव्हते. मी त्या कचेरीत असतो तर मीही त्याला बोलावले असते.

मी फोटो काढून टाकला, पण पुढे गेलेला फोटो माघारी येत नाही. मग चिरंजीवांनी युक्ती सांगितली: मूळ चित्रे पाठवा, एकच नाही, ओळीने सगळी. त्या अर्ध्या मिनिटात मी अकरा फोटो घेतले होते. पहिल्यांत वाघ बांबूतून निघतो आहे, जिप्सी आधीपासून थांबलेली आहे आणि दोहोंच्या मध्ये मोहाचे एक झाड. अकराही फोटोंत जिप्सी त्या झाडापासून तसूभर हललेली नाही. सोबत मी एक पत्र लिहिले. भिंग, अंतर, वेळ सारे मांडले आणि खाली सही केली. साडूंनी स्वतंत्र पत्र लिहिले, बँकेच्या थाटात, परिच्छेदांना क्रमांक घालून. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. बुडालेल्या फेऱ्यांचे पैसे पाठवतो म्हणालो तर तो घेईना. शेवटी सौभाग्यवतींनी त्याच्या मुलींसाठी भाऊबिजेचे म्हणून पाठवले, तेव्हा घेतले.

यावर मी मनाशी ठरवून टाकले होते: यापुढे जंगलातल्या एकाही गाडीची पाटी उघडी ठेवायची नाही. हा निश्चय दोन महिनेही टिकला नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. ती दृश्ये सगळीकडे पसरली, गाड्या आणि मार्गदर्शक निलंबित झाले, दंड झाला आणि जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. ते पाहताना माझ्या हाताच्या मुठी वळल्या. तिथे जर कोणा सभ्य गृहस्थाने पाट्यांवर झेंडू चिकटवून मूळ चित्रे पुसून टाकली असती तर?

म्हणून आता आमच्या घरात वेगळी वहिवाट आहे. चारचौघांत दाखवायच्या प्रतीवर पाटी झाकायची, आपली असो की परक्याची. मूळ चित्र मात्र जपून ठेवायचे. काही गैर दिसले तर ते अकरांपैकी अकरा फोटोंसह कचेरीत द्यायचे, बाजारात नाही. कचेरी निदान बोलावून विचारते.

झाकण्याचीही रीत आहे. नुसते पुसट केलेले आकडे कधीकधी पुन्हा काढता येतात. अपारदर्शक रंगाची पट्टी बरी. मोबाइलमधल्या रंगाच्या पेनाने गिरगटले तर खालचे आकडे त्यातून डोकावतात. काचेवरचा सोसायटीचा बिल्ला बहुतेक विसरला जातो. आणि पाटी झाकूनही फोटोच्या पोटात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळतात, दस्तऐवज म्हणून पाठवला तर तसेच जातात. वाघाच्या फोटोत ती जागा जाणे तर फारच वाईट. जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्याकडे वाघांच्या शिकारीच्या टोळीतला माणूस पकडला गेला, तो काही फोटो पाहायला आला नव्हता.

गडचिरोलीत हे सारे शिकवायची गरज पडली नाही. आमचे यजमान निवृत्त मास्तर. अंगणात फोटो काढताना त्यांनी न बोलता स्वतःची मोटारसायकल घरामागे नेऊन लावली. कोणाची गाडी कोणासाठी कुठे गेली, हे त्या मुलखात वर्षानुवर्षे जपून बोलायचे होते. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस गेले, आणि त्यांना नेणाऱ्या खासगी गाडीचा चालकही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा पुढारी भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरण आला. मास्तरांना फोनवर म्हटले, आता मोटारसायकल पुढच्या अंगणात लावा. म्हणाले, "सवय आहे हो. जाईल हळूहळू."

त्या जिप्सीवाल्याचा परवा पुन्हा फोन आला. तो वाघाचा फोटो मोठा करून हवा होता, घरी भिंतीवर लावायला. मी अगत्याने म्हटले, छापतो, पाटी झाकून पाठवतो.

"झाकू नका जी," तो घाईघाईने म्हणाला. "नंबर दिसला पायजे. नाही तर पोरीले कसं समजन का गाडी माझीच हाये म्हनून?"