सांधा आणि पाऊस



मावळांतील वडिवळ्याचा पाऊस ज्यानें एकदां अनुभवला, त्याला घर गळणें म्हणजे काय हें सांगावयास नको. जवळच्याच कार्ले-भाजे येथील लेण्यांत पाण्याचीं प्राचीन टांकीं आहेत. तीं खडकांतच कोरलेलीं असल्यामुळें त्यांना जोड असा नाहीं. आपलें घर मात्र कौल, पत्रा, वीट, दगड असे तुकडे जोडून उभें राहतें. आणि पाणी शिरतें तें बहुधा तुकड्यांतून नव्हे, तर जोडांतून.

पाणी केवळ खालींच वाहतें असें नाहीं. फट अरुंद असेल तर तें केशाकर्षणानें वरही चढतें. म्हणून पत्र्यावर पत्रा निदान 15 सेंटिमीटर चढवावा, आणि खिळा खोलगट भागांत न मारतां फुगीर भागावर, डांबरी चकती घालून मारावा. गळतीचें मूळ शोधतांनाही सावध असावें. थेंब पडतो त्याच्या नेमकें वर भोंक असेलच असें नाहीं. पाणी वाशावरून हातभर सरकून मग ठिबकतें.

भिंतीची भेग बुजविण्यापूर्वी ती हलती कीं स्थिर, हें पाहावें. भेगेवर कांचेची पातळ पट्टी आडवी चिकटवावी. कांहीं आठवड्यांत ती तडकली, तर भेग अजून हलते आहे असें समजावें. अशा भेगेंत सिमेंट भरल्यास पुन्हां चीर पडते; तेथें डांबरासारखा लवचिक पदार्थच हवा. भेग स्थिर असेल तर ती छिन्नीनें रुंद करावी, धूळ झाडावी, पाणी मारावें आणि मग चुना व सुरकी भरावी. नुसता चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कठीण होतो. सुरकीमुळें, म्हणजे भाजलेल्या विटेच्या भुकटीमुळें, तो ओलाव्यांतही घट्ट होतो.

पुष्कळ लोक आंतल्या बाजूनें गिलावा करून डाग झांकतात. हें घातक आहे. बाहेरचा सांधा उघडाच राहतो आणि पाणी भिंतींत कोंडतें. मातीच्या भिंतीचें बळ असें आंतल्या आंत जातें, व ऐन पावसांत ती निजलेल्या माणसांवर कोसळते. वडिवळ्याला धरण आहे. मातीच्या धरणाची राखण करणारा पाझर दिसतांच तो स्वच्छ आहे कीं गढूळ हें आधीं पाहतो, कारण गढूळ पाणी म्हणजे आंतील माती वाहून चालली. हीच कसोटी घरालाही लावावी. भिंतीच्या पायथ्याशीं गढूळ ओघळ दिसला, तर त्या खोलींत रात्रीं कोणासही निजूं देऊं नये.

हीं सारीं कामें वैशाख सरण्यापूर्वीं उरकावींत, म्हणजे चुन्याला मुरण्यास अवधि मिळतो. नंतर वळवाची एखादी सर आली कीं दिवा घेऊन माळ्यावर जावें. राहिलेला सांधा ती सरच दाखवून देईल, आणि मृग लागण्यापूर्वीं तो बुजविण्यास थोडे दिवस हातीं असतील.