देशांतर, देशसात्म्य आणि परदेशी गेलेला आपला रुग्ण

देशांतर हा विषय आज आपल्या जिल्ह्यातील वैद्यास परका राहिलेला नाही. संगमनेर, राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूर या भागांतील शेतकऱ्यांची मुले अभियंता होऊन पुणेमार्गे अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया व आखाती देशांत स्थायिक होत आहेत. त्यांच्यामागून त्यांचे आईवडीलही सहा-सहा महिन्यांसाठी जाऊन येतात. रुग्ण देश बदलतो, पण वैद्य बदलत नाही. दूरध्वनीवरून तो आपल्यालाच विचारतो, "वैद्यराज, मी इथेही घरचेच खातो, तसाच राहतो, मग इथेच त्वचा फुटते, मलावष्टंभ होतो, अंग दुखते, उत्साह वाटत नाही, असे का?" या प्रश्नाला "तिकडे थंडी फार, वात वाढला" एवढेच उत्तर देऊन भागत नाही. त्याचा शास्त्रीय विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला देश कोणता?

परदेशाचा विचार करण्यापूर्वी स्वदेश ओळखणे आवश्यक आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोकळे आकाश, खैर-बोर-शमीसारखे वृक्ष, मृगजळ, रूक्ष वारा आणि वातपित्तप्रधान माणसे हे जांगल देशाचे वर्णन वाचताना कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेरचा माळ डोळ्यांपुढे उभा राहतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. मात्र याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीचा परिसर आहे. तिथे पाऊस कित्येक पटींनी अधिक पडतो व देश आनूपाकडे झुकतो. एकाच जिल्ह्यातील जामखेडचा व घाटघरचा रुग्ण लंडनला गेला, तर दोघांचे देशांतर सारखे नसते. जो आधीच दमट हवेत वाढला त्याला लंडनची ओल तितकी परकी वाटत नाही.

परदेश म्हणजे केवळ शीत देश, ही समजूतही सोडली पाहिजे. इंग्लंडची थंडी ओलसर व ढगाळ असते, तिथे कफवाताची लक्षणे अधिक दिसतात. कॅनडाच्या अंतर्भागातील थंडी तीव्र व कोरडी असते. सिंगापूर उष्ण व आनूप आहे. आखातात बाहेर प्रखर उष्मा आणि आत वातानुकूलित गारवा असतो. रुग्णाने देशाचे नाव सांगितले तरी वैद्याने शहर, घर व कामाची जागा यांची विचारणा केली पाहिजे.

ओकसात्म्य की देशसात्म्य?

सवयीने जे मानवते ते ओकसात्म्य. देशाच्या गुणांच्या विरुद्ध गुणांचे म्हणून जे हितकर ठरते ते देशसात्म्य. स्वदेशात ही दोन्ही बहुधा हातात हात घालून चालतात. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने आपल्या थाळीत ती जुळलेली असतात. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात निरनिराळ्या जनपदांची सात्म्ये सांगताना अश्मक व अवंती येथील लोकांना तेल व आम्ल सात्म्य असल्याचे नोंदवले आहे. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा प्रदेश, म्हणजे आपला शेजारच. आपल्या आहारातील शेंगदाणा, तीळ, कारळे व चिंच पाहता हे निरीक्षण आजही पटते.

देशांतर झाले की ही जोडी तुटते. सवय एक सांगते, देश दुसरे मागतो. यावर सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात दिलेले आश्वासन फार मोलाचे आहे. आहार, निद्रा व चेष्टा त्या त्या देशाच्या गुणांस उचित ठेवणाऱ्याला देशकृत भय नसते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे दोष देशाचा नाही. नव्या देशात जुन्याच देशाची दिनचर्या जशीच्या तशी चालवण्यात तो आहे.

हा बदल किती वेगाने करावा? ऋतुसंधीसाठी वाग्भटांनी सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात असे चौदा दिवस सांगितले आहेत. सवयी बदलताना पादांशाने, एक-दोन-तीन दिवसांच्या अंतराने क्रम ठेवण्यास सांगितले आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही उष्म्याशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात असेच मानते. थंडीशी मात्र शरीर इतके जुळवून घेत नाही. तिथे वस्त्रे, निवारा व आहार यांवरच मुख्य भिस्त असते. पूर्वी जलप्रवासाने हवामान हळूहळू बदलत जाई. आज मुंबईचा उष्मा सोडून दुसऱ्या दिवशी हिमात पाऊल पडते. विमानाने काढून घेतलेला हा क्रम वैद्याने चिकित्सेत परत आणावा.

आनंदीबाईंचे उदाहरण

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी अमेरिकेस गेल्या व १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, याचा आपल्याला विशेष अभिमान वाटावा. त्या जूनमध्ये पोहोचल्या, पण खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्यांनी घेतली. थंडी, अपरिचित व अपुरा आहार आणि अभ्यासाचे श्रम यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. राजयक्ष्म्याने ग्रासलेल्या स्थितीत त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात निवर्तल्या. राजयक्ष्मा हवामानाने उत्पन्न होतो असे कोणी म्हणणार नाही. परंतु साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन ही शोषाची चार आयतने आपण शिकलो आहोत. परक्या देशात एकट्या पडलेल्या तरुण विद्यार्थ्याच्या बाबतीत त्यांतील किती आयतने एकत्र येतात, हे प्रत्येकाने पडताळून पाहावे. स्वतःची भाजी-भाकरी शिजवता न येणारा विद्यार्थी आजही परदेशी जातोच.

बाहेर हेमंत, घरात ग्रीष्म

हेमंतात अग्नी बलवान होतो, म्हणून गुरू व स्निग्ध आहार द्यावा, हा सिद्धांत सर्वश्रुत आहे. तो परदेशातील रुग्णास सरसकट लावताना मात्र सावध राहावे. तेथील घर यंत्राने तापवलेले असते. बाहेर उणे दहा अंश असले तरी आत वीस-बावीस अंश असतात. बाहेरच्या थंड हवेत बाष्प मुळातच कमी असते. ती हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर उतरते. रुग्ण दिवसातले बावीस-तेवीस तास या कृत्रिम, रूक्ष ग्रीष्मात राहतो. नाक कोरडे पडणे, ओठ व टाचा फुटणे, मल शुष्क होणे, कंड सुटणे ही लक्षणे मुख्यतः येथून येतात.

अशा रुग्णास शीतघ्न म्हणून सुंठ-मिऱ्यांचा मारा केल्यास रूक्षता वाढते. त्याला स्नेहनाची अधिक गरज असते. तीळतेलाचा अभ्यंग, पादाभ्यंग, रात्री नाकात तुपाचे किंवा अणुतेलाचे प्रतिमर्श नस्य, जेवणात पुरेसे तूप, वरचेवर कोमट पाणी व खोलीत ओलावा राखणारे साधन एवढ्यानेच अनेकांना उपशय मिळतो. दुसऱ्या बाजूने, शरीराला थंडी सोसावी लागत नाही व श्रमही घडत नाहीत. तेव्हा हेमंतातील अग्नी तिथे असेलच असे गृहीत धरू नये. डिंकाचे लाडू, गूळपोळी, तळण यांचा रोजचा रतीब लावल्यास स्थौल्य व प्रमेह यांना निमंत्रण मिळते. आशियाई लोकांत शरीरभार निर्देशांक २३ च्या पुढे गेल्यावरच धोका वाढू लागतो, हे आता सर्वमान्य आहे. मात्रा भुकेवरून ठरवावी, ऋतूवरून नव्हे.

सूर्य आणि मन

आपल्याकडे वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये तो आठ तासांहून कमी असतो व त्यातही सूर्य ढगाआड असतो. ग्लासगो शहरात १९६०च्या दशकात भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांत मुडदूस व अस्थिमृदुता हे विकार आढळून आले, ते याच कारणाने. सावळ्या त्वचेला जीवनसत्त्व 'ड' तयार करण्यास अधिक ऊन लागते. त्या देशांत हिवाळ्यातील ऊन त्यासाठी पुरत नाही. ब्रिटनमध्ये शरद व हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० एकक, 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असा शासकीय सल्ला आहे. सावळ्या त्वचेच्या लोकांना तो वर्षभरासाठी आहे. अंगदुखी, कटिशूल, जिना चढताना मांड्यांत बळ नसणे अशी तक्रार आल्यास केवळ अस्थिमज्जागत वात म्हणून महिनोन् महिने गुग्गुळकल्प न देता रक्ततपासणी करून घ्यावी. आखातात ऊन भरपूर असूनही माणसे आतच राहत असल्याने तिथेही हाच अनुभव येतो.

हिवाळ्यात येणारी व वसंतात निवळणारी खिन्नता १९८४ मध्ये रोझेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतुजन्य विकार म्हणून मांडली. तीत निद्रा वाढते, गोडाची इच्छा वाढते, वजन वाढते. आपल्या दृष्टीने हे चित्र कफावृत तमाचे आहे. सकाळी बाहेर चालणे, दिवास्वाप टाळणे व १०,००० लक्स प्रकाशाचा सकाळी अर्धा तास उपयोग हे उपाय सुचवावेत. माणसांचा सहवास हेही औषधच आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. रुग्णाला तिकडे धाडावे. खिन्नता गहिरी असल्यास मात्र स्थानिक चिकित्सकाकडे पाठवण्यास विलंब करू नये.

बाळंतपणासाठी जाणारी आई

लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या मातेच्या पेटीत हळीव, डिंक, बाळंतकाढा, वावडिंग, ओवा, बाळंतशेपा हे सारे असते. तिथे गेल्यावर कळते की शेगडी पेटवता येत नाही. धुरी दिली की घरातील धूरसूचक यंत्र किंचाळू लागते. धुरी व शेक यांचे प्रयोजन उष्णता, कोरडेपणा व रक्षोघ्न कर्म हे होते. आधीच रूक्ष व तापलेल्या बंद घरात धुराने अर्भकाच्या श्वसनमार्गाला अपायच होईल. तेव्हा धुरी वर्ज्य करून अभ्यंग, गरम पाण्याचे स्नान व गरम पाण्याच्या पिशवीचा माफक शेक एवढे ठेवावे. या मातेचे स्वतःचेही वय साठीच्या पुढचे असते. बर्फावर घसरून मनगट किंवा खुबा मोडण्याचा धोका तिला सर्वाधिक असतो. खाचांच्या तळव्याची पादत्राणे घ्या, हे सांगणे औषधयोजनेइतकेच महत्त्वाचे आहे.

ऋतू पंचांगावरून ओळखू नये

मेलबर्नला चैत्रात शरद असतो व वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात येतो. तेथील रुग्णास वसंतातील वमनाचा सल्ला आपल्या दिनदर्शिकेवरून दिल्यास शास्त्राचा हेतूच उलटतो. दोषांचा संचय-प्रकोप तेथील लक्षणांवरून ठरवावा. सुट्टीत पंधरा दिवसांसाठी आलेल्या रुग्णाने पंचकर्माचा आग्रह धरला तरी प्रवासाचा क्षोभ, ऋतू व संसर्जनक्रमास मिळणारे दिवस पाहूनच निर्णय घ्यावा. संसर्जन विमानातील जेवणावर होत नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचा अहवाल २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. भारत सरकारने निर्यातीच्या वनौषधी कल्पांना जड धातूंची चाचणी २००६ पासून बंधनकारक केली. युरोपीय संघात ३० एप्रिल २०११ पासून पारंपरिक वनौषधींसाठी नोंदणीचा नियम पूर्णतः लागू झाला. अशा परिस्थितीत परदेशी जाणाऱ्याच्या हाती पुडीत बांधलेली औषधे देणे रुग्णाच्या व आपल्या शास्त्राच्याही हिताचे नाही. मूळ बंद डबी, इंग्रजी नामपट्टी, घटक, गट क्रमांक, देयक व वैद्याचे पत्र एवढे सोबत असावे. रसकल्प शक्यतो देऊच नयेत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे वनस्पतिजन्य व प्राणिजन्य वस्तू उतरताना घोषित कराव्या लागतात, अन्यथा दंड होतो. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून रुग्ण तिथे कोणती आधुनिक औषधे घेतो याची चौकशी विक्रेत्यानेही करावी.

प्रस्थानापूर्वी एक भेट

परदेशी जाणाऱ्या रुग्णास प्रवासापूर्वी एकदा बोलावून घ्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. प्रकृती, अग्नी व कोष्ठ, चालू औषधे, जाण्याचे शहर व पोहोचण्याचा महिना यांची नोंद करावी. तेथील पहिल्या चौदा दिवसांचा आहार-विहार लिहून द्यावा आणि पहिला हिवाळा सुरू होताना पुन्हा संपर्क करण्यास सांगावे. पथ्य, दिनचर्या व ऋतुचर्या यांचे मार्गदर्शन आपण दुरून करू शकतो. परंतु नाडी न पाहता नव्या व्याधीचे निदान करू नये. ज्वर, रक्तस्राव, वजन घटणे, छातीत दुखणे अशा लक्षणांत तेथील रुग्णालयाकडेच बोट दाखवावे. गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगरात आयुर्वेदाचे अध्यापन सुरू केले, तेव्हा इथला रुग्ण सातासमुद्रापलीकडून सल्ला विचारील याची कल्पनाही कोणी केली नसेल. देश, काल व सात्म्य यांचा विचार करण्याची जी शिस्त त्या परंपरेने आपल्याला दिली, ती या नव्या रुग्णालाही पुरेशी आहे. ती प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत नव्याने वापरण्याचे श्रम मात्र आपण घेतले पाहिजेत.