अजून एक बोअर मारू या?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हल्ली दोनच विषयांवर आवाज चढतो. पार्किंग आणि पाणी! त्यातलं पार्किंग निदान डोळ्यांना दिसतं. पाण्याचं तसं नाही. एप्रिल उजाडला, टँकरचं बिल फुगलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अजून एक बोअर मारू या. पाचशे फूट जाऊ.’ माना डोलतात, ठराव पास!

पण खाली नक्की आहे काय?

हाच प्रश्न घेऊन काम करणारी माणसं पुण्यातच आहेत. ‘अ‍ॅक्वाडॅम’ ही संस्था १९९८ पासून भूजलाचा अभ्यास करतेय. डॉ. हिमांशू कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी आधी खडक बघतात, मग पाण्याचं बोलतात. गावोगावच्या कार्यकर्त्यांनाही ते हेच शिकवतात. जमिनीखाली काही तळं नसतं हो! महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. लाव्हाचे थर एकावर एक, लेअर केकसारखे. पाणी साठतं ते भेगांत आणि सच्छिद्र थरांत. भेगा नसलेला कातळ लागला, तर कितीही खोल जा, हाती धूळच. जितकं खोल तितकं जास्त पाणी, हे आपलं लाडकं समीकरण तिथंच गंडतं.

शिवाय पाणी धरणारा हा थर, ज्याला जलधर म्हणतात, तुमच्या कंपाउंड वॉलपाशी संपत नाही. शेजारच्या सोसायटीचा आणि पलीकडच्या हॉटेलचाही तोच. थोडक्यात, जॉइंट अकाउंट. चेकबुक मात्र प्रत्येकाचं वेगळं!

हे अकाउंट सांभाळायचं कसं, ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारकडून शिकावं. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले. गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचं बजेट मांडायचं, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला ठेवायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची. आपण पगाराचं एवढं बजेट करतो का? सरकारचंही एक खातं आहे बरं का, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी ते वर्षातून चार वेळा मोजतात. बोअरवाल्याला फोन लावण्याआधी भूशास्त्रज्ञाला विचारलं, तर काय बिघडतं?

आता पाणी किती हे सोडा, कसं आहे ते बघू. भाड्याच्या फ्लॅटच्या शोधात मी मध्यंतरी बरीच पायपीट केली. एका एजंटनं मॉड्युलर किचन दाखवलं आणि मग ऐटीत टीडीएस मीटर पाण्यात बुडवला. ‘बघा मॅडम, एकदम सेफ!’ अहो, तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. गळक्या ड्रेनेजचं पाणी विहिरीत उतरलं, तरी आकडा छान येऊ शकतो.

जानेवारी २०२५ आठवतोय? सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढायला लागले. पुणे परिसरात संशयित धरून आकडा २०० च्या पुढे गेला. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्यावर संशय गेला. विहिरी, टँकर तपासले गेले, खासगी आरओ प्लांट सील झाले. तोवर क्लोरीन हा शब्द आपल्यापैकी किती जणांनी स्विमिंग पूलबाहेर वापरला होता?

रेन वॉटर हार्वेस्टिंगचंही तसंच. उत्साहाच्या भरात पार्किंगमधलं पाणी थेट बोअरमध्ये सोडणारे महाभाग आहेत. गाड्यांचं ऑइल आणि रस्त्याची घाण, सगळं त्या जॉइंट अकाउंटमध्ये जमा! सोडायचं ते गच्चीवरचं पाणी. पहिल्या पावसाचं वाहून जाऊ द्यायचं, नंतरचं वाळू-खडीच्या फिल्टरमधून. गच्ची मेच्या अखेरीस झाडून घ्यायची आणि फिल्टरमधली वाळूही तेव्हाच धुवायची.