चार मैल राहिले !

श्रावणांत पावसाची झड लागली कीं मेहकरांत दिवेलागणीनंतर घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय राहत नाहीं. पैनगंगा दुथडी भरून वाहूं लागते, वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, आणि आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाचें शारंगधर बालाजीच्या दर्शनास जाणेंहि अंतरतें. अशाच एका सायंकाळीं, स्वातंत्र्यदिनास दोन-तीन दिवस उरले असतां, आमच्या नातवानें घरच्या दूरदर्शनसंचावर '१९७१' नांवाचा हिंदी चित्रपट लावला. लहानथोर मिळून आम्ही चौदा माणसें एका छपराखालीं राहतों. एरवीं कोणता कार्यक्रम पाहावयाचा यावरून रोज वाद होतो. परंतु त्या दिवशीं युद्धाचें नांव ऐकून सगळेच माजघरांत येऊन बसले.

हा चित्रपट २००७ सालीं निघाला. अमृत सागर यांनीं तो दिग्दर्शित केला असून मनोज बाजपेयी यांची त्यांत प्रमुख भूमिका आहे. १९७१ च्या युद्धांत पकडले गेलेले व युद्ध संपून वर्षें लोटलीं तरी न सोडलेले सहा भारतीय सैनिक पाकिस्तानच्या छावणींतून पळून स्वदेशाची वाट धरतात, अशी त्याची कथा आहे. चित्रपटगृहांत त्यास फारसे प्रेक्षक लाभले नाहींत, परंतु उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. शेवट सुखाचा नाहीं. मायदेशाची सीमा दृष्टिपथांत आली असतां घात होतो.

चित्रपट संपतांच आमच्या घरीं रीतसर सभाच भरली. धाकट्या पुतण्यास गोळीबार व मोटारींचा पाठलाग एवढाच भाग पसंत पडला. मधलें बोलणें त्याच्या मतें कंटाळवाणें होतें. आमचे धाकटे बंधु महसूल खात्यांतून निवृत्त झालेले. कागदाचा आधार असल्याखेरीज त्यांचें कशानेंच समाधान होत नाहीं. "सारें सैन्य मागें लागलें असतां सहा माणसांनीं एवढा मुलूख तुडवावा, हें कांहीं पटत नाहीं बुवा, अण्णा !" असा निकाल त्यांनीं दिला. सूनबाईंस कैद्यांची आपसांतील थट्टामस्करी व भांडणें लढाईहून अधिक खरीं वाटलीं. आमच्या मोठ्या वहिनी ऐंशी ओलांडलेल्या. त्या जपमाळ बाजूस ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, हे इतकीं वर्षें तिकडे अडकले, त्यांच्या आया-बायका इकडे काय करीत होत्या, तें कोणीं दाखविलें?"

सर्वांत शेवटीं नातू बोलला. "आबा, एवढें सगळें करून शेवटीं मेलेच ना ? मग उपयोग काय झाला ?"

सभा तेथेंच थांबली. कारण हा प्रश्न चित्रपटाविषयीं नव्हता, हें घरांतील प्रत्येकास कळलें. दोन वर्षें रात्रीचा दिवस करून हा मुलगा एका मोठ्या परीक्षेस बसला होता. लेखी परीक्षेंत तो उत्तीर्ण झाला, परंतु अखेरच्या मुलाखतींत त्याचें नांव गळलें. तेव्हांपासून दोन महिने त्यानें पुस्तक उघडलें नव्हतें, आणि आम्हीं वडीलधाऱ्यांनींहि त्याच्याशीं त्या विषयावर बोलण्याचें टाळलें होतें. उपदेश करणें हा आमचा जन्माचा धंदा. परंतु त्या रात्रीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पाऊस जरा उघडला. ओटीवर नातू वर्तमानपत्र चाळीत बसला होता. बंधूंच्या आक्षेपास उत्तर देण्याचें निमित्त करून आम्हीं त्या दोघांस एक हकीकत सांगितली. ती चित्रपटांतील नव्हे, प्रत्यक्ष घडलेली आहे, आणि तिचा नायक एक मराठी माणूस आहे. ती जशी सांगितली तशीच येथें देतों.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर पारुळकर हे आपल्या विमानदळांतील वैमानिक. १९६५ च्या युद्धांत शत्रूच्या गोळीनें खांदा जखमी झाला असतांहि त्यांनीं आपलें विमान सुखरूप परत आणलें होतें. 'मी कधीं पकडला गेलों तर पळून आल्यावांचून राहणार नाहीं,' असें ते १९७१ च्या युद्धापूर्वींच आपल्या वरिष्ठांस सांगत. योगायोग असा कीं १० डिसेंबर १९७१ रोजीं त्यांचें सुखोई विमान पाकिस्तानांत पाडलें गेलें व ते खरोखरच कैद झाले. रावळपिंडीच्या छावणींत त्यांच्यासह आपले बारा वैमानिक जमा झाले. सहा दिवसांनीं युद्ध संपलें. आपल्या ताब्यांत पाकिस्तानचे त्र्याण्णव हजार कैदी होते. अर्थात् आज ना उद्यां देवघेव होऊन सुटका होणार, हें उघड होतें. स्वस्थ बसून राहिलें असतें तरी चाललें असतें. परंतु पारुळकरांस स्वस्थ बसणें मान्य नव्हतें.

त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं काय केलें तें पाहा. छावणींत वाचावयास मिळालेला शाळकरी मुलांचा नकाशासंग्रह हाच त्यांचा मार्गदर्शक. सुईला चुंबकत्व देऊन त्यांनीं होकायंत्र तयार केलें. वैमानिक अंगावर जो विशिष्ट दाबाचा पोशाख घालतात, त्याच्या रबरी पिशव्यांत पाणी साठविण्याची युक्ति काढली. कैद्यांस नियमाप्रमाणें मिळणाऱ्या मासिक भत्त्यांतून पैसे वांचविले व सुका मेवा जमविला. मग कोठडीच्या भिंतींतील एकेक वीट, पहारेकऱ्यास चाहूल लागूं न देतां, हातीं लागेल त्या हत्यारानें सुटी केली. यांत किती दिवस गेले असतील याची कल्पना ज्यानें घराची एखादी जुनी भिंत खणली असेल त्यासच येईल. जे स्वतः जाणार नव्हते त्यांनींहि पाळत ठेवण्याचें व आवाज झांकण्याचें काम केलें. ज्यांस यशाचा वांटा मिळणार नव्हता त्यांनीं पत्करलेली ही जोखीम आम्हांस फार मोठी वाटते.

१२ ऑगस्ट १९७२ ची रात्र. वादळ झालें, पाऊस कोसळूं लागला. त्या आडोशानें पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी असे तिघेजण भिंतीच्या भोंकांतून सरपटत बाहेर पडले. रस्त्यावर आले तेव्हां एका चित्रपटगृहाचा रात्रीचा खेळ नुकताच सुटला होता आणि ते त्या गर्दींत मिसळून गेले, असें या हकीकतींत सांगतात. पुढें बसनें पेशावर, तेथून खैबरखिंडीच्या रस्त्यानें लंडी कोतल. अफगाणिस्तानची सीमा तेथून अवघी चार मैल राहिली होती ! हिंदुस्थानकडे न जातां उलट पश्चिमेस जावयाचें, म्हणजे कोणास संशय येणार नाहीं, असा त्यांचा बेत होता.

आणि येथेंच घात झाला. त्यांच्या नकाशांत लंडी खाना नांवाचें पुढचें रेल्वेस्थानक होतें. त्यांनीं त्याचा रस्ता विचारला. तें स्थानक इंग्रजी अमदानींतच, १९३२ सालीं, बंद झालेलें होतें. चाळीस वर्षांपूर्वीं बंद पडलेलें स्थानक शोधणारे हे परके तरुण कोण, असा तेथील लोकांस संशय आला आणि तिघेहि पकडले गेले. आम्ही जन्मभर भूगोल शिकविला. जुना नकाशा माणसास कोठें नेऊन सोडतो, याचें याहून कडू उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें बंधूंनीं विचारलें, "मग त्यांस गोळ्या घातल्या असतील ?"

नाहीं. याचें एक कारण कायद्यांत आहे व दुसरें माणसांत. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार युद्धकैद्यानें पळून जाण्याचा यत्न करणें हा भयंकर गुन्हा मानला जात नाहीं. पकडला गेल्यास त्यास केवळ शिस्तभंगाची शिक्षा देतां येते, आणि तीहि तीस दिवसांहून अधिक नाहीं. अर्थात् असे नियम सर्वांनीं सर्वकाळ पाळले असें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत, मार्च १९४४ मध्यें, जर्मनांच्या एका छावणींतून भुयार खणून शहात्तर वैमानिक निसटले. त्र्याहत्तर पुन्हा सांपडले आणि त्यांपैकीं पन्नासांस ठार मारण्यांत आलें. त्यावर निघालेला १९६३ चा इंग्रजी चित्रपट जगभर गाजला.

दुसरें कारण म्हणजे उस्मान हमीद नांवाचा एक पाकिस्तानी अधिकारी. रावळपिंडीच्या छावणीवर असतांना तो या कैद्यांशीं सौजन्यानें वागला होता. नाताळांत त्यानें त्यांच्यासाठीं केक आणला होता. लंडी कोतलला हे तिघे आरंभीं आपण पाकिस्तानी विमानदळाचेच नोकर आहों असें सांगत होते. सीमेवरील त्या रागीट मुलुखांत आपली धडगत नाहीं हें ओळखून पारुळकरांनीं त्याच उस्मानशीं दूरध्वनीवर बोलूं देण्याची मागणी केली. त्यानें 'हीं माणसें आमचीं आहेत, त्यांस इजा करूं नका,' अशा अर्थाचा निरोप दिला आणि तिघांचे प्राण वांचले. तिघांस एकांत कोठडी झाली. पुढें लायलपूरच्या छावणींत धाडण्यांत आलें आणि १ डिसेंबर १९७२ रोजीं वाघा येथून ते इतरांबरोबर भारतांत परतले. ज्या मार्गानें ते स्वस्थ बसूनहि परतले असते, त्याच मार्गानें !

सूनबाई दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, चित्रपटांत बंदुका किती वाजल्या ! आणि या खऱ्या हकीकतींत एकहि गोळी सुटली नाहीं."

हें मात्र आमच्याहि ध्यानीं आलें नव्हतें. बोलपट करणाऱ्यास गोळीबार लागतो, हें आम्ही समजूं शकतों. तीन घटका प्रेक्षकास खुर्चीवर खिळवून ठेवावयाचें तर भिंतींतील एकेक वीट दाखवून चालत नाहीं. तरीहि '१९७१' हा चित्रपट आम्हांस बरा वाटला, कारण त्यानें खोटा जयजयकार करून आम्हांस घरीं पाठविलें नाहीं.

राहिला मोठ्या वहिनींचा प्रश्न. त्याचेंहि उत्तर एका मराठी घरांत आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचें विमान ५ डिसेंबर १९७१ रोजीं पाकिस्तानांत पडलें. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नास अवघें दीड वर्ष झालें होतें. पुढें पाकिस्तानांतील एका वर्तमानपत्रांत पकडलेल्या वैमानिकांच्या यादींत पतीच्या नांवाशीं जुळणारें नांव त्यांस आढळलें आणि त्या आशेवर त्यांनीं सारा जन्म काढला. परत न आलेल्या अशा चौपन्न जणांची यादी आपल्या सरकारनें केली. पाकिस्ताननें आपल्याकडे असे कोणी नाहींत असेंच सांगितलें. २००७ सालीं कांहीं नातलगांस तेथील तुरुंग पाहूं दिले. त्यांत दमयंतीबाईहि होत्या. हातीं कांहींच लागलें नाहीं. '१९७१' ची कथा काल्पनिक असली तरी ती या उघड्या जखमेवर उभी आहे. हें ऐकल्यावर वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्या कुंकूं लावीत असत का हो ?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें जिजाबाईसाहेबांचें जन्मस्थान. दरवर्षीं १२ जानेवारीस तेथें हजारों लोक जमतात. आम्हीं शाळेंत तीसहून अधिक वर्षें १७ ऑगस्ट १६६६ ची आग्र्याची सुटका शिकविली; पेटाऱ्यांचें वर्णन करतांना मुलें श्वास रोखून बसत. परंतु आतां जाणवतें कीं ती गोष्ट आम्हीं नेहमीं शेवटाकडून आरंभाकडे सांगितली. महाराज सुटले, म्हणून युक्ति थोर ! ज्या दिवशीं ते आग्र्यास पहाऱ्यांत बसले होते त्या दिवशीं शेवट त्यांस ठाऊक नव्हता. मुलगा व नऊ वर्षांचा नातू दोघेहि शत्रूच्या हातीं असतां राज्याचा कारभार राखणाऱ्या जिजाबाईसाहेबांसहि तो ठाऊक नव्हता. सुटका झाली नसती तर तें धैर्य कमी ठरलें असतें काय ? विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासतां तपासतां आम्ही अंतिम उत्तरालाच सगळे गुण देत आलों, रीतीला नाहीं. ही आमचीच चूक नातवाच्या तोंडून आमच्यापुढें उभी राहिली होती.

पारुळकरांस त्या अपुऱ्या राहिलेल्या साहसाबद्दल पुढें विशिष्ट सेवा पदक मिळालें. ते ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि ऑगस्ट २०२५ मध्यें पुण्याकडे निवर्तले. त्यांच्या सुटकेच्या यत्नावरहि २०१९ सालीं एक चित्रपट निघाला आहे.

आमची हकीकत संपली तेव्हां नातू वर्तमानपत्राची घडी करीत म्हणाला, "आबा, त्यांनीं नवा नकाशा मिळविला असता तर ?"

"तर कदाचित् पोंचले असते," आम्हीं म्हटलें.

त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. परंतु रात्रीं जेवणानंतर, वीज गेलेली असतांना, माडीवर कंदील घेऊन कोणी गेल्याचें आम्हांस दिसलें. कपाटाचें दार करकरलें. मोठ्या वहिनींनीं आम्हांकडे पाहिलें व बोट ओठांवर ठेवलें. आम्हींहि वर जाऊन विचारलें नाहीं.