नखभर जागेतला रंगांचा उतार

घरच्या घरी नखांवर ग्रेडियंट, म्हणजे रंगांचा उतार, काढायचा म्हटलं, की हात आधी ब्रशकडे जातो. दोन रंग शेजारी लावायचे, ओले असतानाच एकमेकांत ओढायचे आणि मधली रेघ पुसली जाईल अशी आशा धरायची. रेघ काही पुसली जात नाही. रंगाचे पापुद्रे गोळा होतात, खालचं नख उघडं पडतं आणि ‘मला हे जमतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. माझ्या मते हात चांगलाच असतो, साधन चुकलेलं असतं. साध्या नेलपॉलिशनं रंगांचा उतार साधायचा तर तो ठिपक्यांनीच साधतो, आणि बारीक ठिपके देणारं सर्वांत सोपं साधन म्हणजे मेकअपच्या स्पंजचा नखाएवढा तुकडा. एवढं पटलं, की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी पॉलिशचा स्वभाव बघू. नायट्रोसेल्युलोज हा त्याचा मुख्य घटक एथिल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटिल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकांत विरघळवलेला असतो. त्यात रंगद्रव्य, चिकटपणासाठी राळ आणि रंग तळाशी बसू नये म्हणून एक प्रकारची चिकणमातीही असते. क्युटेक्सचं पातळ पॉलिश 1917मध्ये आलं, रेव्हलॉननं 1932मध्ये गडद, अपारदर्शक रंग आणले. पण वाळण्याची रीत तीच राहिली. द्रावक उडून जातो आणि मागे पापुद्रा उरतो. हे उडणं बाटलीतून ब्रश बाहेर काढल्याक्षणी सुरू होतं. ब्रशचा दुसरा हात फिरतो तेव्हा पहिला थर अर्धवट सुकलेला असतो. वर नव्या पॉलिशमधला द्रावक त्याला पुन्हा मऊ करतो, म्हणून तो ओढला जातो. स्पंज काहीच ओढत नाही. तो टेकतो, ठिपके सोडतो आणि उचलला जातो.

ठिपक्यांची ही किमया फक्त नखावरची नाही. कोणत्याही छापील मासिकाच्या मुखपृष्ठावर भिंग धरून पाहा: निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके दिसतील. सलग उतरत जाणारी छटा आपले डोळे घडवतात. चित्रकार जॉर्ज सरानं 1884 ते 1886 या काळात ‘ला ग्रांद जात’ हे भलंमोठं चित्र याच तत्त्वावर रंगवलं. ते आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याच्याही आधी शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या विणीव भित्तिपटांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं तपासलं, तर रंग चोख होता. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो फिका भासत होता. शेजारचे रंग एकमेकांचं रूप बदलतात, हे त्यानं 1839च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. आपल्याकडची धूपछाव पैठणीही याच जातीची. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. धागे इतके बारीक की डोळ्याला तिसराच रंग दिसतो आणि पदर हलला की तो पालटतो. नखावर स्पंज टेकवताना याच तत्त्वाचा उपयोग होतो: एका टोकाला एका रंगाचे ठिपके दाट, पुढे विरळ, आणि त्या विरळ जागेत दुसऱ्या रंगाचे ठिपके वाढत जाणारे.

मात्र इथे एक आक्षेप रास्त आहे. स्पंजवर शेजारीशेजारी ओढलेले रंगांचे पट्टे एकमेकांना टेकतात तिथे ते नुसते शेजारी राहत नाहीत, खरोखरच मिसळतात. म्हणून रंगांची निवड ही चवीपुरती बाब नाही. जांभळा आणि पिवळा समोरासमोर आले की मध्ये मातकट पट्टा येणार, लाल-हिरव्याचंही तेच. पिवळा, नारिंगी, गुलाबी असे शेजारी रंग घेतले तर मिसळण्याचाही फायदाच होतो. पांढरा बेसकोटही हवा. विरळ ठिपक्यांमधून प्रकाश आरपार जातो, खालच्या पांढऱ्यावरून परततो, आणि रंग खुलतो. तो थर पूर्ण वाळू द्यावा. स्पंज ओला करून घट्ट पिळावा, म्हणजे तो पॉलिश पिऊन टाकत नाही. त्यावर पट्टे ओढायचे, आधी कागदावर एकदा टेकवून जादा रंग काढायचा आणि मग नखावर हलकेच टिपत, दर वेळी किंचित वर-खाली सरकत जायचं. पहिल्या फेरीत नख ठिगळलेलं दिसतं. तिथेच पुष्कळ जणी हार मानतात. थर हाताला लागेनासा झाला, की स्पंजवर नव्यानं रंग लावून दुसरी फेरी, लागली तर तिसरी. भांडी घासायचा स्पंज नको, त्याची छिद्रं मोठी असल्यानं बुडबुडे उठतात.

स्पंजनं पृष्ठभाग खडबडीत होतो, हेही खरं. त्यावर टॉपकोट हाच इलाज आहे, आणि तो केवळ चकाकीसाठी नसतो. त्यातला द्रावक ठिपक्यांची टोकं मऊ करतो, छटा एकजीव होतात. फक्त ब्रश दाबायचा नाही. भरपूर टॉपकोट घेऊन तो नखावर तरंगत न्यायचा. बोटांभोवती रंग लागतो, त्यासाठी आधी कातडीवर व्हॅसलीनचं बोट फिरवावं, नखाला मात्र लागू देऊ नये. आणि उजव्या हाताची नखं डाव्या हातानं रंगवताना ब्रश थरथरल्यानं जितकं बिघडतं, तितकं स्पंजनं बिघडत नाही, कारण टिपायला रेघेची अचूकता लागत नाही. दिवाळीत एक खबरदारी हवी: पॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात, पेटत्या पणतीपासून लांब बसूनच हे करावं.

सर्वांत भक्कम आक्षेप जेल पॉलिशचा. अतिनील (यूव्ही) दिव्याखाली धरेपर्यंत जेल वाळतच नाही, त्यामुळे ते ब्रशनं सावकाश मिसळता येतं. तिथे ब्रशच श्रेष्ठ, हे मान्य. पण यातून माझंच म्हणणं पक्कं होतं, की साधन कोणतं हे वाळण्याची रीत ठरवते. घरी मात्र जेलबद्दल सावध राहावं. कच्चं राहिलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या अ‍ॅक्रिलेट घटकांची अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि तसलेच घटक दातांच्या फिलिंगमध्येही असल्यानं ती तिथेही त्रास देऊ शकते. युरोपीय संघानं जेलमधला हेमा हा अशा प्रकारचा घटक फक्त व्यावसायिकांपुरता ठेवला आहे आणि दिव्याखाली जेल घट्ट करणाऱ्या टीपीओ या घटकावर 1 सप्टेंबर 2025पासून बंदी घातली आहे. राहिला टिकण्याचा मुद्दा. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे मुळाशी उघडी पट्टी दिसू लागते. उताराची सुरुवात मुळाशी आपल्या नखाच्या रंगाच्या छटेनं केली आणि गडद रंग टोकाकडे ठेवला, तर वाढलेलं नख त्याच उतारात सामावतं, आणि टोकाला टवका उडाला तरी एक फेरी स्पंज टिपून भागतं.