ध्रुवाजवळची सुई आणि सूर्याचा रोख

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गोडहावन येथे डेन्मार्कने १९२६ मध्ये चुंबकीय वेधशाळा उभारली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक चढउतार तिथे कागदावर उमटू लागले. त्यांत सूर्याच्या क्षेत्राचीही नोंद होत आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

सूर्यापासून निघालेला भारित कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहतो आणि सूर्याचे चुंबकीय क्षेत्र सोबत ओढून आणतो. सूर्य फिरत असल्याने त्या बलरेषांना गरगर फिरणाऱ्या कारंज्याच्या धारांसारखा बाक येतो. काही दिवस त्यांचा रोख सूर्याकडे असतो, काही दिवस उलट. विल्कॉक्स आणि नेस यांनी १९६५ मध्ये हे उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवले.

आता गंमत पाहा. ध्रुवप्रदेशातून निघणाऱ्या पृथ्वीच्या बलरेषा सौरवाऱ्यातल्या बलरेषांना जोडल्या जातात. त्या बाकामुळे जोडलेली रेषा ताणलेल्या रबरासारखी आडवी खेचली जाते. कधी पहाटेच्या बाजूला, कधी सांजेच्या. उत्तर ध्रुवावर जी बाजू, तिच्या नेमकी उलट दक्षिण ध्रुवावर. रेषेचे खालचे टोक शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात रुतलेले असते. तिथले हलके इलेक्ट्रॉन तिच्यासोबत सरकतात. जड आयन मात्र हवेच्या रेणूंवर आदळत मागे रेंगाळतात. या दोघांच्या चालीतला फरक म्हणजेच विद्युत्प्रवाह. सूर्याच्या क्षेत्राचा रोख पालटला की ध्रुवाभोवतीचा हा प्रवाह पूर्वेऐवजी पश्चिमेकडे वाहतो आणि खालच्या वेधशाळेतली नोंद वर जायची ती खाली येते.

डॅनिश संशोधक लीफ स्वालगार्ड यांनी हा संबंध १९६८ मध्ये मांडला. सोव्हिएत संशोधक मन्सुरोव यांना तो पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे सापडला. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत चुंबकीय वादळे उत्तम टिपली जातात. पण तिथल्या बलरेषा पृथ्वीच्याच दुसऱ्या गोलार्धात परततात, त्यामुळे हा रोख तिथे असा वाचता येत नाही.

स्वालगार्ड यांनी मग हेच कोडे उलट बाजूने सोडवले. ध्रुवाजवळच्या जुन्या नोंदी काढून त्यांनी १९२६ ते १९७१ पर्यंतच्या दिवसांचा सूर्यक्षेत्राचा रोख ठरवला. म्हणजे अवकाशात एकही उपग्रह नसतानाचा तीसेक वर्षांचा काळ हाती आला! या यादीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, आणि ते अकारण नव्हते. ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीत ऊन नसल्याने आयनांबर विरळ होते, प्रवाह क्षीण पडतो. हिवाळ्यातल्या त्या कागदांवरची रेघ फार थोडी हलते.